वाचकांचे प्रश्न : पद्मिनीचं इंजिन खोलण्याआधी

या वेळी निवडलेली सगळी पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत : कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ७५ मिमी, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. ओडोमीटरवरच्या किलोमीटरवरून या इंजिनाचं आयुष्य ठरवू नये. पाच आकड्यांचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, आणि बऱ्याच गाड्यांची केबल मधली काही वर्षं तुटलेलीच असते.

प्रश्न : माझी पद्मिनी १९८६ची आहे. दोन लाखांच्या वर चाललेली आहे. तीन महिन्यांपासून पिकअप कमी झाला आहे आणि स्लोला इंजिन हलतं. पसरणी घाट उतरून वाईत आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागून निळा धूर येतो, मग बंद होतो. ऑइल हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागतं. गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन तपासलं : १२२, ११८, ८२, १२० पीएसआय. तो म्हणतो, फुल इंजिन करावं लागेल. बोअर, पिस्टन, क्रँक सगळं. करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आत्ता नको. तुम्ही दिलेले चार आकडे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, फुल इंजिनाच्या बाजूने बोलत नाहीत.

आधी १, २ आणि ४ नंबर पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणून गेजही तेवढंच कमी दाखवतं. पुण्यातले १२० म्हणजे मुंबईतले साधारण १२८. एवढ्या चाललेल्या इंजिनाला हे चांगलं आहे. तिघांमधला फरकही चारच पीएसआय आहे. बोअर खरोखर गेलं असतं तर चारही सिलिंडर कमी-जास्त प्रमाणात खाली आले असते. इथे एकटा तिसरा पडला आहे, तोही तब्बल एक तृतीयांशाने. दुखणं एकाच सिलिंडरचं आहे.

ही टेस्ट नीट झाली होती का, तेही विचारा. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, कॉइलची वायर सुटी हवी, बॅटरी पूर्ण चार्ज हवी आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटाच येतो, कारण सिलिंडरला हवाच मिळत नाही. प्रत्येक सिलिंडरला काटा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा झटके, स्टार्टर मारा. पहिल्या झटक्याचा आकडाही लिहून ठेवा. पहिल्याच झटक्याला कमी आणि मग हळूहळू चढत जाणारा काटा पिस्टनच्या रिंगकडे बोट दाखवतो. पहिल्यापासून कमी आणि पुढे फारसा न चढणारा काटा बहुधा व्हॉल्व्हकडे.

यानंतरची पायरी फुकटची आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते : तिसऱ्या सिलिंडरचे टॅपेट तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटवर आपटून थोडा थोडा आत बसत जातो, त्यामुळे टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यामधली फट, वाढण्याऐवजी कमी होतो. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि पुढे व्हॉल्व्हची कडा जळते. टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ठीक आहेत, असं समजू नका. जो गॅप हरवला तो आवाज करत नाही. इंजिन थंड असताना फिलर गेज घाला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. दुसऱ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, म्हणजे एक बंद होता होता दुसरा उघडत असेल, तेव्हा तिसऱ्याचे टॅपेट लावायचे. तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे आणि चौथ्याचे हलताना पहिल्याचे. गॅपचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, कुणाच्या अंदाजाचा नको. गॅप लावून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. ८२चे ११५ झाले तर काम बहुतेक तिथेच संपलं.

आकडा तसाच राहिला तर वेट टेस्ट करा. तिसऱ्या प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल सोडा. दोन-तीन झटके मारून ते पसरू द्या आणि पुन्हा आकडा घ्या. ऑइल काही क्षण रिंगची फट बुजवतं, व्हॉल्व्हची बुजवत नाही. ८२ वरून ११०च्या पुढे गेलं तर रिंग किंवा बोअर. ८५-८८ वरच अडलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. जास्त ऑइल ओतू नका. जास्त ऑइलाने वरची जागाच भरते आणि आकडा फुगतो.

पक्कं कळायला लीक टेस्ट. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्या रिकाम्या बॉडीला ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझ करून घ्या. आतली पिन काढून टाका. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकावर आणा, गाडी टॉप गिअरमध्ये घाला, हँडब्रेक ओढा आणि हवा सोडा. हवा सोडताना फॅन आणि बेल्टजवळ हात नको, पिस्टन टोकापासून जरा हलला तरी इंजिन फिरतं. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्बोरेटरच्या तोंडातून आलं तर इनलेट. ऑइल फिलरमधून जोरात आलं तर रिंग. तिथे थोडी हवा येणारच, बाकीच्या सिलिंडरशी तुलना करा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेडला तडा.

आता धूर. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो आणि गाडी गिअरवर असते, म्हणून इनलेटमध्ये व्हॅक्यूम फार वाढतो. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती व्हॉल्व्ह गाइड. झिजलेल्या गाइडमधून हा व्हॅक्यूम ऑइल खाली खेचतो, आणि खाली येऊन पाय दाबला की ते एकदम जळतं. रिंग गेलेल्या इंजिनाचा धूर वेगळा असतो : चढावर, लोडवर, पाय दाबलेला असेपर्यंत तो येतच राहतो आणि ब्रीदरच्या पाइपमधूनही वाफा येतात. तुमचं वर्णन गाइडचं आहे. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल या वयाच्या इंजिनाला घाबरण्यासारखं नाही.

म्हणून आमचा अंदाज असा : तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि एकंदर गाइड. म्हणजे फक्त हेडचं काम. पण त्याआधी चारही सिलिंडरची वेट टेस्ट करून घ्या. बाकी तिघांत १०-१२ पीएसआयच्या आत वाढ झाली तर खालची बाजू मुळीच उघडू नका.

हेड उतरल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी गाइड बदलायचे, मग सीट कापायच्या. कटरचा मध्य गाइडवरून ठरतो. जुन्या गाइडवर सीट कापून नंतर गाइड बदलले तर व्हॉल्व्ह तिरका बसतो. व्हॉल्व्ह ८-१० मिमी उचलून आडवा हलवा, डोळ्यांना दिसेल एवढा डुलत असेल तर गाइड संपला. लॅपिंगनंतर, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवल्यावर, सीटवर सलग राखाडी पट्टा दिसला पाहिजे, इनलेटला साधारण दीड मिमी, एक्झॉस्टला किंचित रुंद. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमार्फतच हेडला देतो, त्यामुळे तिथे पट्टा फार बारीक केला तर व्हॉल्व्ह लवकर जळतो. शेवटी पोर्टमध्ये डिझेल ओतून दहा मिनिटं थांबा. सीटकडून थेंब आला तर पुन्हा लॅपिंग.

हेड निघालं आहेच तर बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवून पाहा. तिथे वळ लागणारच, कारण वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त. डायल बोअर गेजने वर आणि खाली माप घ्यायला सांगा. फरक ०.१० मिमीच्या आत असेल तर तसंच झाका. ०.१५ मिमीच्या पुढे गेला असेल तर बोअर करणं आलं. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंग घालू नका. वळ न काढता घातलेली नवी वरची रिंग त्या वळावर आपटून तुटते.

प्रश्न : मे महिन्यात कसारा घाटात गाडी दोनदा बंद पडली. अर्धा तास थांबल्यावर आपोआप सुरू झाली. एकाने पेट्रोल पंप बदलायला सांगितला, दुसऱ्याने कॉइल. पंप बदलला, तरी तेच.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, याची दोनच घराणी आहेत : पेट्रोल किंवा करंट. दोन्हींतलं कोणतं, ते गाडी बंद पडलेली असतानाच दोन मिनिटांत कळतं. घरी येऊन कळत नाही, म्हणून सुटे भाग बदलत राहावं लागतं.

बंद पडल्या पडल्या इग्निशन बंद करा, एअर क्लीनरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने झटकन ओढा. विडी-सिगारेट जवळपास नको. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. मग करंटकडे वळा. पिचकारी नाही तर पेट्रोल पोचत नाही.

करंटचं सांगतो, कारण नव्या पंपानंतरही तेच होतंय म्हणून संशय तिकडे जास्त. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, चारही प्लगना करंट वाटणारा भाग. त्यातला कंडेन्सर सर्वांत आधी. त्याची किंमत किरकोळ, पण गरम झाल्यावर त्याचं आतलं इन्सुलेशन फुटतं आणि थंड झाल्यावर सांधतं. मीटरवर थंड असताना तो ठणठणीत दिसतो. चांगल्या कंडेन्सरची क्षमता ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. खूण पॉइंटवर, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या टोकांवर पाहा. एका पॉइंटवर टेकडी आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल, किंवा पॉइंट उघडताना जाड पिवळा स्पार्क दिसत असेल, तर कंडेन्सर गेला. आजकाल मिळणारे काही नवे कंडेन्सर जुन्यापेक्षा वाईट निघतात, म्हणून चालून सिद्ध झालेला जुना फेकू नका, डिकीत ठेवा. पॉइंट गॅप लुकासच्या डेल्कोला ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). पॉइंटची टाच झिजून गॅप बुजत गेला तर स्पार्कचं टायमिंगही मागे जातं, इंजिन जास्त तापतं आणि घाटात दम तोडतं. एकच दोष, पण लक्षणं तीन.

कॉइल तपासायची तर गरम असतानाच. रेझिस्टर नसलेल्या साध्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी ३ ओहमच्या आसपास मोजते. एखाद्याने रेझिस्टरवर चालणारी दीड ओहमची कॉइल थेट बसवलेली असेल तर ती घाटात तापणार आणि पॉइंटही जाळणार. असं बऱ्याच गाड्यांत सापडतं.

पिचकारी आली नाही तर व्हेपर लॉक. पंपाच्या आधीच्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफ चोखत बसतो. पंप नवा असो की जुना, त्याने फरक पडत नाही, कारण उष्णता पाइपला लागते. पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर किमान दोन बोटं दूर वळवा आणि मधे पत्र्याची आड लावा. पंपाच्या पायाखाली जाड उष्णतारोधक पॅकिंग आहे का पाहा. बदलताना ते हरवतं आणि पातळ कागदी गॅसकेट घातलं जातं. त्या पॅकिंगच्या जाडीवर पंपाच्या दांड्याची चाल ठरते, म्हणून मूळ जाडीच ठेवा. एकदा गाडी बंद पडताच पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीचा श्वास कोंडला आहे.

घाटात अडकलात तर ओलं फडकं पंपावर आणि पाइपवर ठेवा, दहा मिनिटांत सुटेल. तापलेल्या ब्लॉकवर किंवा हेडवर पाणी कधीही ओतू नका.

प्रश्न : गाडी गरम झाली की स्लोला ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो, रेस केल्यावर विझतो. शिवाय खालून टक-टक ऐकू येतं. बेअरिंग गेलं का? जाड ऑइल घातलं तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिव्यावर विश्वास ठेवू नका, दुर्लक्षही करू नका. दिव्याचा स्विच अगदी कमी दाबाला पेटतो, म्हणजे तो मिचमिचतो तोवर दाब तळाला गेलेला असतो. किंवा स्विचच खराब असतो. स्विच काढून त्याच जागी साधं मेकॅनिकल गेज लावा, वीस मिनिटं गाडी चालवून वाचा. दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा जुना हिशेब या जातीच्या इंजिनांना लागू पडतो. गरम इंजिनावर २५०० आरपीएमला २५च्या वर असेल तर जगा. १५च्या खाली असेल तर लांबचा प्रवास नको.

जाड ऑइल घालण्याआधी डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशा पातळ ऑइलाने चांगली बेअरिंगही खाल्ली जातात. वास नसेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल घाला आणि पुन्हा गेज वाचा. मग दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि तिच्या खालचा कचरा, मग ऑइल पंप, आणि शेवटी बेअरिंग.

टक-टक ओळखायची ती प्लगच्या वायरीवरून. गरम इंजिन जरा रेसवर धरा आणि एकेका सिलिंडरचा करंट तोडा. वायर लोंबकळत सोडू नका, सुटा प्लग लावून तो इंजिनाला टेकवा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. एखाद्या सिलिंडरचा करंट तोडल्यावर आवाज स्पष्ट कमी झाला तर त्याच कनेक्टिंग रॉडचं बिग एंड, म्हणजे क्रँककडचं बेअरिंग. इंजिन थंड असताना ठक-ठक आणि गरम झाल्यावर गायब, तर पिस्टनची थाप. त्यावर वर्षभर गाडी चालू शकते. वरून येणारी हलकी टिक-टिक, इंजिनाच्या निम्म्या गतीने, ती टॅपेटची. लोड घेताना खोल, जड धबधब आणि करंट तोडून फारसा फरक नाही, तर मेन बेअरिंग; या क्रँकला तीनच मेन आहेत, त्यातलं मधलं सर्वांत जास्त सोसतं.

बिग एंडचा आवाज पक्का झाला तर त्या क्षणापासून गाडी चालवू नका, टो करून न्या. बेअरिंगचे शेल वेळेवर बदलले तर क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, पॉलिश पुरतं. पुढच्या शंभर किलोमीटरनंतर ग्राइंडिंग, आणि त्याहूनही पुढे रॉड ब्लॉकबाहेर. प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून चपटा होणाऱ्या मापाच्या धाग्याने, फट मोजून घ्या, ०.०३ ते ०.०७ मिमीच्या मध्ये असेल तर उत्तम. जर्नल लंबवर्तुळ झाला असेल तर नवे शेल महिनाभरात पुन्हा वाजतील, म्हणून मायक्रोमीटर दोन दिशांनी लावला का, हे लेथवाल्याला विचाराच.

प्रश्न : नव्या ई-२० पेट्रोलवर माझी गाडी चोक काढल्याशिवाय चालत नाही. इंजिन खराब झालं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. कार्बोरेटर मात्र जुन्याच हिशेबाने मिसळतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. मेन जेट एक पायरी मोठा करा. समजा १२० आहे, तर १२५ घातल्याने वाट आठ-साडेआठ टक्के मोठी होते. स्लो जेटही त्याच प्रमाणात. मग प्लगचा रंग पाहा : चहाच्या रंगाचा बरोबर, पांढरट राहिला तर अजून पातळ.

पण जेटच्या आधी कार्बोरेटरखालचं गॅसकेट हवा तर ओढत नाही ना, ते पाहा. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम इथेनॉलने फुगतात आणि तडकतात. इथेनॉलसाठी बनवलेले घाला. तुमच्याकडच्या दमट हवेत गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते तळाशी बसतं आणि जेटमध्ये पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी धरते.

शिसं नसलेल्या पेट्रोलने सीट खराब होतील का, हेही तुम्ही विचारलं आहे. देशभरात शिसं १ फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे बिडाच्या हेडइतकी ही काळजी इथे नाही. वेगळं औषध पेट्रोलमध्ये घालण्याची गरज नाही.

प्रश्न : जुन्या टॅक्सीची पद्मिनी घेतली आहे. थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे. मेकॅनिक म्हणतो, त्याशिवायच इंजिन थंड राहतं. पाणी मात्र आठवड्याला लिटरभर कमी होतं, आणि तपकिरी दिसतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तुमची गाडी टॅक्सी होती, म्हणजे तिने दिवसभर, थांबत-चालत काम केलेलं आहे. मधे इंजिन बदललेलं असू शकतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतो का ते आजच पाहा.

थर्मोस्टॅट परत घाला. तो नसेल तर इंजिनाला गरम व्हायला फार वेळ लागतो. तोवर पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि बोअरची सर्वांत जास्त झीज याच थंड मिनिटांत होते. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. तो घातल्यावर गाडी तापली तर दोष थर्मोस्टॅटचा नाही, रेडिएटर तुंबला आहे. थर्मोस्टॅट काढून तेच लपवलेलं होतं.

तपकिरी पाणी म्हणजे ब्लॉकचा गंज. बोअरवेलचं खारं पाणी भरत असाल तर ते थांबवा. दोन्ही बाजूंनी फ्लश करा आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात किमान तीस टक्के घाला.

लिटरभर पाणी जातं कुठे, ते शोधा. वॉटर पंपाखाली पांढरा-हिरवा डाग, हीटर किंवा होजचे सांधे, ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या डिस्क. या गंजून बारीक भोकं पडतात. बाहेर काहीच सापडलं नाही तर थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा. थर्मोस्टॅट उघडण्याआधीच सलग बुडबुडे येत राहिले तर गॅसकेट. कॉम्प्रेशनमध्ये शेजारचे दोन सिलिंडर, बहुधा २ आणि ३, एकत्र कमी आले तर तीच खूण. फिलरच्या झाकणाखाली थोडासा पांढरा फेस मात्र रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला येतोच. डिपस्टिकवर फेस नसेल तर त्यावरून हेड उतरवू नका.

हेड उतरलंच तर पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून ०.०५ मिमीचा फिलर खाली जातो का पाहा. गेला तर प्लेन करायचं, पण पुसण्यापुरतंच. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढून नॉकिंग सुरू होतं. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने कसा. पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, पुन्हा एकदा कसा आणि त्यानंतर टॅपेट लावा. हेड खाली बसलं की टॅपेटचे गॅप बदललेले असतात.